डावा डोळा, काउंटर नंबर तीन

मी पेन्शनर लोकांना डोळा मारते, अशी माझी ख्याती आमच्या बँकेच्या शाखेत पसरली तेव्हा नोव्हेंबरचा पहिला आठवडा चालू होता. नोव्हेंबर म्हणजे हयातीच्या दाखल्याचा महिना. वर्षभर पासबुक भरून घ्यायला येणारे काका-काकू या महिन्यात आपण जिवंत आहोत हे सिद्ध करायला येतात, आणि तो पुरावा ज्या काउंटरवर तपासला जातो त्या काउंटर नंबर तीनवर मी बसते. तिथे एका सोमवारी, आजवर सरळमार्गी आयुष्य जगलेल्या माझ्या डाव्या डोळ्याच्या खालच्या पापणीने अचानक स्वतंत्र कारभार सुरू केला.

फडफड, फडफड, फडफड. मग जरा विश्रांती. समोर कोणी येऊन उभं राहिलं की पुन्हा फडफड.

त्याच दिवशी एक गृहस्थ कर्जाच्या चौकशीला आले. कागद बघून मी म्हटलं, "हे नियमात बसत नाही." आणि नेमकी त्याच क्षणी पापणी उडाली. गृहस्थांनी आजूबाजूला बघितलं, खिडकीत वाकले आणि हळूच म्हणाले, "मग कसं बसवायचं, मॅडम?"

"अहो, बसणारच नाही." फडफड.

"कळलं, कळलं. पाच वाजता खालच्या टपरीवर बोलू."

माझ्या डोक्यामागे लाच देणे-घेणे हा गुन्हा असल्याची पाटी होती. तिच्यावरची धूळ पुसून मी ती त्यांना दाखवली, तर त्यांना माझ्या सावधपणाचं फारच कौतुक वाटलेलं दिसलं.

पण खरा घोर लावला तो दुसऱ्या रांगेतल्या एका काकांनी. पांढरा सदरा, हातात कापडी पिशवी, वय पंचाहत्तरच्या पुढे. मी मान वर केली की हे माझ्याकडे बघून डोळे गच्च मिटायचे, उघडायचे, पुन्हा मिटायचे. आधी वाटलं, योगायोग. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी तर त्यांनी मिटलेल्या डोळ्यांनी हसूनही दाखवलं. मी पंचिंग मशीन उचलून आमच्या मधोमध ठेवलं आणि शेजारच्या कॅशियरबाईंना सांगितलं. त्या नोटा मोजता मोजता म्हणाल्या, "सुरुवात तुम्हीच केलीत ना?"

घरी सासूबाईंनी प्रकरण ताबडतोब निकालात काढलं. "कुठला लवतोय? डावा ना? मग काळजी कसली? बाईमाणसाचा डावा डोळा लवणं शुभ. घरात काहीतरी येणार."

आलं. आधी विजेचं बिल आलं, मग नणंद आठ दिवस राहायला आली. त्यानंतर फडफडीने आपला मुक्काम उजव्या डोळ्यात हलवला. सासूबाई जरा विचारात पडल्या, पण लगेच सावरल्या. "डावा आधी लवलाय, त्यामुळे शुभ आधी वसूल होईल." आमचे हे पेपरातून डोकं न काढता म्हणाले, "आणि दोन्ही एकदम लवले तर हिशेब चुकता."

मग उपचार सुरू झाले. कॅशियरबाईंनी काकडीचे काप सुचवले. दुपारच्या सुट्टीत डबा उघडला तर काकडीची कोशिंबीर झालेली. ती डोळ्यांवर ठेवण्याचा प्रश्नच नव्हता, कारण तिला वरून मोहरी-मिरचीची फोडणी होती. शिपाईमामांनी डोळ्यात एरंडेल सोडायला सांगितलं. सोसायटीच्या ग्रुपवर मी फक्त 'डोळा फडफडतोय' एवढंच टाकलं, तर रात्री साडेबारापर्यंत त्रिफळा, गुलाबपाणी, दवात अनवाणी चालणं आणि मेणबत्तीकडे पापणी न हलवता बघणं असा सगळा आयुर्वेद आणि अर्धा योग येऊन पडला. मेणबत्तीचा प्रयोग मी केला. डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं तेव्हा नेमकी नणंद आत आली आणि मला म्हणाली, "वहिनी, मी उद्याच जाते हो."

सासूबाईंचा उपाय मात्र शाही होता. काशाची वाटी, गाईचं तूप आणि तळपाय. तळव्याला तूप लावून काशाच्या वाटीने घोटलं की डोळ्यांतली उष्णता उतरते, असं त्यांचं म्हणणं. उष्णतेचं माहीत नाही, पण इतका गाढ आराम मला बाळंतपणानंतर मिळाला नव्हता. उजवा तळवा होत आला तोवर मी गुंगले. मान कलली, तोंड उघडं पडलं, आणि पापणी चक्क स्तब्ध झाली. तेवढ्यात खांद्याला धक्का. "झोपतेस काय? उठ, उपाय अर्धा राहिलाय. डावा पाय दे." त्यानंतर त्याच तुपकट पायांनी मी न्हाणीघरात सुमारे चार फूट घसरत गेले, ती हकिगत वेगळी.

इतक्या लोकांनी इतके उपाय सांगितले, पण 'झोपतेस किती?' असं एकानेही विचारलं नाही. मीही मला विचारलं नाही, कारण उत्तर मला माहीत होतं. आमच्या घरी दिवसाचे सगळे तास दुसऱ्यांचे असतात. ओटा पुसून, दूध झाकून, उद्याची भाजी निवडून अकरा वाजले की माझा स्वतःचा दिवस उजाडतो. मग मी पांघरुणात फोन धरून एक कोरियन मालिका बघते. फक्त एकच भाग. तो संपला की पुढचा भाग पाच सेकंदांत आपोआप सुरू होतो, आणि पाच सेकंदांत चष्मा शोधून, लावून, बंद करायचं बटण दिसेपर्यंत नायक पुढच्या भागात पोचलेला असतो. एवढ्यात एक वाजतो. शेजारी ह्यांचं घोरणं ऐन रंगात असतं. पाचच्या आत गजर, कारण नळाचं पाणी आणि दोन डबे.

राहिलेली झोप मी डोंबिवलीच्या लोकलमध्ये पूर्ण करते, म्हणजे करायला बघते. चौथ्या सीटवर अर्धं अंग टेकवून, शेजारणीच्या खांद्याचा अंदाज घेत. यातही विज्ञान आड येतं. झोपेत मिटलेल्या पापण्यांखाली डोळे भराभर फिरतात, आणि गडद, रंगीत स्वप्नं बहुधा त्याच वेळी पडतात, हे 1953 साली शिकागोत अॅसरिन्स्की आणि क्लाइटमन या दोघांनी जगाला दाखवलं. अॅसरिन्स्कीने रात्र रात्र तारा लावून ज्यांच्या डोळ्यांवर नजर ठेवली, त्यांत त्याचा स्वतःचा आठ वर्षांचा मुलगाही होता. पण ही डोळे फिरण्याची वेळ झोप लागल्यावर साधारण दीड तासाने येते, आणि डोंबिवलीहून निघालेली स्लो लोकलसुद्धा त्याआधी सीएसएमटीला पोचते. वाटेत सिग्नल बिघडला तरच आम्हाला स्वप्नं पडतात.

शेवटी डॉक्टर. ह्यांना सोबत नेलं, कारण डोळ्यात थेंब घातल्यावर एकटीने येऊ नये म्हणतात. "मी फक्त पिशवी धरायला येतोय," असं त्यांनी निघताना तीनदा बजावलं.

आधी एका यंत्रावर हनुवटी ठेवायला लावतात. आत लांबवर जाणारा एक सरळ रस्ता आणि त्याच्या टोकाला रंगीत फुगा. तो धूसर होतो, स्पष्ट होतो. खड्डा नसलेला, रिकामा, सरळ रस्ता मी बऱ्याच वर्षांनी बघत होते, म्हणून जरा रेंगाळले, तर आतला मुलगा म्हणाला, "मॅडम, झालं. मागे रांग आहे." मग काचा बदलत विचारतात, "हे बरं की हे?" दोन्ही सारखंच दिसत असतं, पण तसं सांगायचा धीर होत नाही. नापास होण्याची भीती माणसाला पन्नाशीनंतरही सोडत नाही. मी आळीपाळीने एकदा 'हे' आणि एकदा 'ते' असं न्यायाने म्हणत गेले.

डॉक्टरबाई माझ्या मुलीच्या वयाच्या होत्या, आणि मला मुलगी असती तर ती जशी बोलली असती तशाच बोलत होत्या.

"आत्ता बघा, आत्ता फडफडतेय!" मी म्हटलं.

त्यांनी दिवा जवळ आणला. "हो, मशीनमधून दिसतंय बारीकसं. पण समोरच्या माणसाला काही दिसणार नाही."

"असं कसं? अख्ख्या शाखेला कळलंय!"

"तुम्ही सांगितलंत म्हणून कळलंय. तुम्हाला आतून पापणी उडाल्यासारखी वाटते, बाहेरून फार तर एखादी रेघ हलते."

"मग तो कर्जवाला?"

"तो माझा विषय नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या. "किती वाजता झोपता?"

"अकरा."

"मालिका कुठली बघता?"

मी एका दमात नाव सांगून बसले, वर नायकाचंही सांगितलं. डॉक्टरबाईंनी कागदावर 'एक ते पाच' लिहिलं. चहा किती, या प्रश्नावर मी 'दोन' म्हणाले, आणि पिशवी धरायला आलेले गृहस्थ मागून म्हणाले, "सकाळी मी उठेपर्यंत दोन." पापणीभोवती एक गोल स्नायू असतो, झोप कमी, चहा जास्त, ताण भरपूर असं झालं की त्याचे काही धागे आपल्या मनाने थरथरायला लागतात. बहुतेक वेळा आपोआप थांबतं. आठवडेच्या आठवडे चाललं, पापणी पूर्ण मिटायला लागली किंवा गालही उडू लागला तर मात्र परत यायचं. औषध? औषध नाही. "झोपा," डॉक्टरबाई म्हणाल्या. मी म्हटलं, "ते ठीक, पण एखादे थेंब?" आठशे रुपये तपासणी फी देऊन 'झोपा' एवढंच घेऊन घरी जाणं माझ्या जिवावर आलं होतं.

थेंब मिळाले, पण कोरडेपणाचे. मला हा अपमान वाटला, कारण माझे डोळे तर सारखे वाहत होते. त्यावर कळलं की डोळे कोरडे पडले, चुरचुरले, की ते घाबरून बदाबदा पाणी सोडतात, पण ते पाणी टिकत नाही. एरवी माणूस मिनिटाला पंधराएक वेळा पापण्या मिटतो. स्क्रीनपुढे ते निम्म्याहूनही खाली येऊ शकतं. दिवसभर बँकेचा, रात्री कोरियाचा स्क्रीन, आणि मध्ये ती मेणबत्ती. डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्यात रक्तवाहिन्या नसतात, तो जागेपणी प्राणवायू थेट हवेतून घेतो आणि झोपेत पापणीच्या आतल्या बाजूकडून. म्हणजे रात्री डोळ्यांचं जेवण पापणी वाढते, आणि मी रोज पंगत अर्ध्यावर उठवत होते.

मग बाहुल्या मोठ्या करायचे थेंब घातले. त्यानंतर काही तास जवळचं वाचता येत नाही. नेमका त्याच वेळी मॅनेजरसाहेबांचा मेसेज आला. माझ्या रजेबद्दल असणार, असा अंदाज करून मी धूसर नजरेने नमस्काराचे हात पाठवले. ते हात नव्हते. पिवळा गोल चेहरा होता आणि त्याचा एक डोळा मिटलेला होता.

हे पिशवी मांडीवर घेऊन हसत होते. डॉक्टरबाई त्यांना म्हणाल्या, "आलाच आहात तर तुमचेही बघून घेऊ."

आता ह्यांच्या डोळ्यांची पूर्वपीठिका सांगायला हवी. दिवाळीच्या सुमाराला ह्यांची चाळिशी सुटली. खरंच सुटली! पेपर विनाचष्मा वाचायला लागले. सोसायटीच्या बाकावर बसून त्यांनी याचं श्रेय गाजराला दिलं. गाजर कच्चं आवडत नसल्यामुळे ते हलव्याच्या रूपात घेत होते. चार निवृत्त मंडळींनी घरी जाऊन हलव्याची फर्माईश केली आणि त्यांच्या बायका आजही माझ्याशी तुटक बोलतात. एकच झालं, जवळचं दिसायला लागलं तसा टीव्हीवरचा स्कोअर दिसेनासा झाला. मग कोपऱ्यावरच्या दुकानातून लांबचा नवा, हलका, महागडा चष्मा आला.

"हा चष्मा कधी केला?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

"पंधरा दिवस झाले. जवळचा नंबर गेला माझा," हे ऐटीत म्हणाले. "गाजर."

"शुगर कधी तपासली होती?"

खोलीत शांतता. रक्तातली साखर वाढली की डोळ्यातलं भिंग फुगतं, नंबर सरकतो, लांबचं पुसट होतं आणि जवळचं काही दिवस फुकटात दिसायला लागतं. गाजरातून मिळणारं अ जीवनसत्त्व कमी पडलं तर रातांधळेपणा येतो हे खरं. पण ते पुरेसं मिळत असताना वर कितीही गाजरं खाल्ली तरी चष्म्याचा नंबर उतरत नाही, आणि हलव्याने तर चढण्याचीच शक्यता जास्त. "चार-सहा आठवडे साखर ताब्यात आणा, मग नंबर काढू. तोवर नवा चष्मा करू नका," डॉक्टरबाई म्हणाल्या. ह्यांनी नवा हलका चष्मा हळूच खिशात घातला.

त्यानंतर त्यांनी ह्यांच्या डोळ्यात आतपर्यंत बघितलं. 1851 मध्ये हेल्महोल्ट्झ नावाच्या जर्मन विद्वानाने डोळ्याच्या आतला पडदा बघायचं साधन काढलं, तेव्हापासून नवऱ्यांना लपायला जागा उरलेली नाही. अख्ख्या शरीरात चाकू न लावता रक्तवाहिन्या उघड्या दिसतात त्या इथेच. "पडदा चांगला आहे, पण रक्तवाहिन्या आकसल्यात. बीपीची गोळी नियमित घेता?" "हो." "रोज?" "म्हणजे, आठवण झाली की." ह्यांनी माझ्यापासून वर्षभर लपवलेलं त्या पोरीने दोन मिनिटांत काढलं. दर वर्षी ही तपासणी करायची, असा हुकूम झाला.

मग तिने त्यांची वरची पापणी बोटाने नुसती वर ओढली, तर ती उशीच्या अभ्र्यासारखी उलटी झाली.

"तुम्ही घोरता का?"

"छे," हे म्हणाले.

मी काहीच बोलले नाही. मी फक्त डॉक्टरबाईंकडे बघितलं, आणि त्या समजल्या. झोपेत श्वास अडखळणाऱ्या, घोरणाऱ्या माणसांच्या पापण्या कधी कधी अशा सैल पडतात. रात्रभर उशीवर घासून डोळेही लाल होतात. चिठ्ठी मिळाली ती झोपेच्या तपासणीची. अंगाला तारा लावून ह्यांना एक रात्र झोपवलं, आणि सकाळी तिथल्या माणसाने निकाल सांगताना माझ्याकडे जो आदराने बघितलं, तो आदर मला लग्नातही मिळाला नव्हता. घरी मास्कचं मशीन आलं. सासूबाई म्हणाल्या, "रात्री विमान चालवायला जातोस का रे?" पहिल्या आठवड्यात मास्क सैल बसायचा, हवा वर डोळ्यांत जायची आणि डोळे कोरडे. म्हणून मग ह्यांनाही माझ्याच बाटलीतले थेंब. तीस वर्षांच्या संसारात आम्ही इतकी एकरूपता कशातच साधली नव्हती. डॉक्टरबाईंना कळलं तेव्हा ओरडा बसला, बाटल्या वेगळ्या झाल्या.

मधल्या काळात पांढऱ्या सदऱ्याच्या काकांचाही उलगडा झाला. हयातीचा डिजिटल दाखला 2014 साली आला तेव्हा बोटाचा ठसा नाहीतर बुबुळ दाखवावं लागायचं. 2021 पासून मोबाइलपुढे चेहरा धरूनही काम होतं, फक्त फोन सांगेल तेव्हा पापण्या मिटायच्या. काका काउंटरवर आले, फोन माझ्या हातात दिला आणि अंग ताठ करून म्हणाले, "मॅडम, बरोबर मिटतोय ना? रोज तुमच्याकडे बघून सराव करतोय. नातू म्हणाला, पापणी हलली नाही तर सरकार मेला समजेल." प्रत्यक्ष फोन समोर धरल्यावर मात्र त्यांचे डोळे टक्क उघडे राहिले. मी म्हटलं, "काका, मिटा." शिपाईमामा म्हणाले, "मिटा." मागची रांग एका सुरात म्हणाली, "काका, डोळे मिटा!" भर बँकेत पंचवीस माणसं एका म्हाताऱ्याला डोळे मिट म्हणून आग्रह करत होती, आणि तेही तो जिवंत आहे हे सिद्ध व्हावं म्हणून.

डिसेंबरअखेर ह्यांची साखर उतरली, आणि भिंग जागेवर आल्यावर चाळिशी परत आली. नव्या चष्म्यातून आता टीव्हीच दिसत नाही. सोसायटीच्या बाकावर गाजराचा विषय निघाला की हे घड्याळ बघतात.

जानेवारीत आम्ही ठराव केला: दहाला दिवे बंद. सासूबाई नऊलाच झोपतात, मोतीबिंदू काढल्यापासून सुईत दोरा स्वतः ओवतात, आणि हे सगळं त्या दिवसातून एकदा तरी ऐकवतात. मुलगा म्हणाला, "मला जमणार नाही, पण मी निळा प्रकाश अडवणारा चष्मा घेतोय. मग जागलं तरी डोळ्यांना काही नाही." डॉक्टरबाईंना विचारलं होतं, 2023 सालच्या कॉक्रेनच्या आढाव्यात असल्या चष्म्यांनी डोळ्यांचा ताण कमी होत असल्याचं काही दिसलं नाही, असं त्या म्हणाल्या होत्या. मुलाचं मत, आढावा घेणाऱ्यांनी स्वस्तातले चष्मे वापरले असतील.

पहिल्या रात्री दहाला आडवी झाले. मशीनमुळे घोरणं पूर्ण बंद. अशी भयाण शांतता! साडेदहा झाले, अकरा झाले, झोप येईना. तीस वर्षं ज्या आवाजाला शिव्या दिल्या तो नाही म्हणून उठून बसले. माणूस श्वास तरी घेतोय ना, म्हणून फोनचा टॉर्च ह्यांच्या तोंडावर मारला. हे दचकून मास्कसकट उठले आणि मास्कमधूनच ओरडले. तो आवाज ऐकून सासूबाई काशाची वाटी हातात घेऊन आल्या. चोर समजून की उपचाराला, ते अजून स्पष्ट झालेलं नाही. मुलाच्या खोलीत दिवा चालूच होता.

"तू का जागा?"

"बारा वाजता सेल सुरू होतोय. त्या चष्म्यांचा. पहिल्या दहा मिनिटांत संपतात."

सगळे उठलेच आहेत म्हणून मी चहा टाकला. बारा वाजता आम्ही चौघं टेबलाशी बसून मोबाइलकडे बघत होतो. मुलगा म्हणाला, "एकावर एक फ्री आहे. बाबा, तुमचाही करून टाकू. नंबर सांगा."

ह्यांनी मास्क कपाळावर सरकवला, संक्रांतीच्या लाडवांचा डबा पुढे ओढला आणि विचारलं, "कुठला सांगू? दिवाळीच्या आधीचा, दिवाळीनंतरचा, की हा डबा संपल्यावर येईल तो?"